मी लंगडत नव्हतो

माझ्या उजव्या पायाला आता तीनच बोटं आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बीडच्या एका दवाखान्यात गेलं. हे लिहायचं मूळ कारण म्हणजे तिथली ड्रेसिंगची सिस्टर. सात महिने मी तिच्यापुढं पाय पसरून बसायचो आणि बडबड करायचो. एक दिवस ती कंटाळून म्हणाली, "बाबा, मला सांगून काय उपयोग? मी रोज पायच बघते. जे बघत नाहीत त्यांना सांगा." मी बारावीपर्यंत शिकलोय. पुढं मेंढरं राखली म्हणून अक्षरं काही विसरलो नाही. पण लिहायला बसलं की अर्ध्या पानात मान दुखते. या दुखण्यानं माझ्यातला उत्साह पार संपवलाय, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला धीर बीर द्यायची ताकद माझ्यात नाही. घडलं तसं लिहितो.

आमची वस्ती आष्टीपासून बरीच आत. घरात मी भानुदास, बायको कौसा आणि एकशे वीस मेंढरं. एकच मुलगी, रेखा, बीडला दिलेली. शेजारी चुलतभाऊ भीमा, त्याचीही मेंढरंच. गेली तीस-पस्तीस वर्षं मी रोज सकाळी एकच काम करत आलोय. मेंढरांभोवती रात्री सुताचं जाळं लावतात, त्याला आम्ही वाघर म्हणतो. सकाळी वाघर एका कोपऱ्यातून उचलायची आणि तिथं उकिडवं बसायचं. मेंढरं एकेक करून बाहेर पडतात. तोंडाकडं बघायचं नाही, फक्त पायांकडं बघायचं. जी लंगडेल तिची मागची तंगडी धरायची, तिला आडवी पाडायची, खूर उघडून बघायचा. खडा असतो, काटा असतो, नाहीतर खूर सडायला लागलेला असतो. चाकूनं साफ करायचं, मोरचुदाचं पाणी लावायचं, सोडून द्यायचं. आणि जी लंगडत नाही तिला हात लावायचं कारण नाही, कारण एवढ्या मेंढरांचे पाय रोज कोण बघत बसणार? हे मला बापानं शिकवलं होतं आणि मेंढरांच्या बाबतीत ते कधी चुकलं नाही.

साखर असल्याचं मला नऊ वर्षांपूर्वी गावात आलेल्या तपासणीच्या गाडीत कळलं होतं. गोळ्या दिल्या, त्या मी आठवण झाली की घ्यायचो. मेंढरांमागं रानात असलं की आठवण होत नाही, आणि मी कायम रानातच. मग तळव्यांची आग व्हायला लागली. रानातून आलो की ओल्या मातीत पाय घालून बसायचो. पुढं मुंग्या यायला लागल्या. वर्ष-दीड वर्षानं आग थांबली, मुंग्याही थांबल्या. मी कौसाला म्हणालो की माझे पाय आपोआप बरे झाले. तीही खूष झाली. त्या वर्षी मी रानात पूर्वीपेक्षा जास्त चाललो असेन.

रक्ताचे डाग

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी कौसा अंगण झाडत होती. तिनं हाक मारली.

"अवो, एखादं मेंढरू रगत गाळतंय पायातून. बघा बरं."

वाघरीपासून घराच्या पायरीपर्यंत काळपट लाल ठिपके पडलेले. एका रेषेत, दोन-दोन हातांवर. मी आदल्या दिवशीच्या मेंढरांचा विचार करायला लागलो. लंगडणारी एकही दिसली नव्हती. मग म्हटलं बारीक काही असेल. भीमाला बोलावलं. त्यानं धरायचं, मी बघायचं. एकशे वीस मेंढरं आम्ही एकेक आडवी पाडली. चार खूर, दोन्ही फटी, टाचेची बाजू, सगळं. दुपार झाली. माझी कंबर मोडून आली. एकाही खुरात रक्त नव्हतं.

भीमा वैतागला. "हे रगत काय आभाळातून पडलं का बे?"

कौसा आमच्यासाठी भाकरी घेऊन आली होती. ती टोपली हातात तशीच धरून उभी राहिली. जमिनीकडं बघत होती. मग म्हणाली, "हितं सकाळी डाग नवता. आता हाय."

मी सकाळपासून वाघरीत जिथं जिथं फिरलो होतो तिथं तिथं नवे डाग पडलेले होते. कौसानं टोपली खाली ठेवली.

"तुमचा पाय वर करा."

मी भीमाच्या खांद्याला धरून उजवा पाय उचलला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या गादीवर, चिंचोक्याएवढं भोक पडलेलं होतं. कडा पांढऱ्या, मधे लाल. चप्पल उलटी करून बघितली, तर बाभळीचा काटा टायरच्या तळातून आरपार आलेला आणि आतल्या बाजूनं बोटाच्या पेराएवढा वर निघालेला. तो किती दिवसांपासून तिथं होता मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक पावलाला तो माझ्यात जात होता आणि प्रत्येक पावलाला बाहेर येत होता, एवढं मात्र नक्की.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं ते तुम्हाला कळतंय. मी काय केलं ते सांगतो. मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं आणि भीमाला विचारलं, "बघ. लंगडतोय का मी?"

भीमानं नीट बघितलं. त्याचीही नजर माझ्यासारखीच तयार झालेली. "न्हाई," तो म्हणाला. "साफ चालतोयस."

विषय संपला. संध्याकाळी मी मेंढरांच्या डब्यातलं मोरचुदाचं पाणी त्या भोकात ओतलं आणि वरून फडकं बांधलं. जनावराला ते चरचरतं, जनावर पाय झाडतं. मला काही झालं नाही. मी कौसाला म्हणालो, "बघ, कायबी न्हाई." ती रोज दवाखान्याचं नाव काढायची आणि मी रोज तिला चालून दाखवायचो. असं आठ दिवस चाललं.

नवव्या दिवशी अंगात ताप भरला. पाय घोट्यापर्यंत सुजला. घरात एक वास यायला लागला. तो वास मला चांगला माहीत होता, सडलेल्या खुराचा वास. मी कौसाला म्हणालो की वाघरीकडून वारा येतोय. त्या दिवशी रेखा माहेरी आली होती. ती दारातून आत आली, माझ्या अंथरुणापाशी थांबली आणि तशीच बाहेर जाऊन गाडी ठरवून आली.

दोरा

बीडला ज्या डॉक्टरबाईंनी मला तपासलं त्या वयानं रेखापेक्षाही लहान असाव्यात. त्यांनी फडकं सोडलं, नाक मुरडलं नाही. पावलाच्या वर बोटं ठेवून नाडी बघितली, ती लागली म्हणून जरा बरं वाटल्यासारखं केलं. मग खिशातून काडीला लावलेला एक जाड नायलॉनचा दोरा काढला.

"काका, डोळे मिटा. मी तळव्याला हा टेकवते. लागला की 'हं' म्हणा."

मी डोळे मिटले आणि वाट बघायला लागलो. बाहेर कुणीतरी स्टीलचा डबा उघडत होतं. एक बाई नंबर विचारत होती. मला वाटलं डॉक्टरबाईंना कुणी बोलावलं असेल, त्या येतील. बराच वेळ गेला. शेवटी मी डोळे मिटूनच म्हणालो, "करा की म्याडम सुरू."

"झालं काका," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. त्या दोरा खिशात ठेवत होत्या. दहा ठिकाणी लावला होता म्हणाल्या. कौसा भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. तिनं दहाही वेळा बघितलं होतं. डॉक्टरबाई दोरा टेकवत होत्या, तो वाकत होता, आणि मी शांत पडून होतो. त्या दिवसापासून कौसा माझ्याशी पूर्वीसारखं भांडली नाही आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी तरी माझं म्हणणं मांडलंच. "पण मी लंगडत न्हाई म्याडम. एक दिवसबी लंगडलो न्हाई."

"तेच तर वाईट झालं," त्या म्हणाल्या. "साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. दुखलं असतं तर तुम्ही लंगडला असता, आणि लंगडला असता तर पहिल्या दिवशीच आला असता."

मग त्यांनी सरळ सांगितलं. लागण हाडापर्यंत गेली होती. दोन बोटं काढावीच लागणार. तेवढ्यानं थांबलं तर ठीक, वर चढलं तर इथून, असं म्हणून त्यांनी हाताची कड माझ्या नडगीवर आडवी ठेवली. त्यांचा हात कुठं आहे ते मला नडगीवर कळलं. तिथं अजून कळत होतं.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. जिवाची काळजी आली नाही, दुखण्याची तर नाहीच. मनात आलं की मेंढरांमागं कोण चालणार? आमचा धंदा सगळा पायांवर. एका पायाचा माणूस दुकान चालवेल, पीठगिरणी चालवेल. मेंढरं त्याच्यासाठी थांबत नाहीत. मला दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात शिकायची इच्छाही नव्हती. पाय गेला तर मी घरात बसून भाकरी खाणारा माणूस होणार होतो, बस.

वॉर्डातले दिवस

बोटं काढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण कमरेतून बधिर केलं होतं आणि मधे पडदा होता. नंतर आठ दिवसांनी पुन्हा आत नेऊन अजून थोडं खरवडलं. त्या सगळ्या काळात रोज सकाळी एकच प्रश्न असायचा, वर चढलं की नाही. डॉक्टरबाई पट्टी सोडायच्या, नडगीवरून बोटं फिरवायच्या, लालीच्या कडेला पेनानं रेघ ओढायच्या. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आहे की बाहेर हे बघायचं. मी रेघेकडं बघायचो नाही. मी डॉक्टरबाईंच्या भुवयांकडं बघायचो.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई होते, बीडचे फळविक्रेते. त्यांनाही साखर. थंडीत पाय आखडतात म्हणून त्यांनी गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय घातले होते.

"बेगम बोलली, पानी लई गरम हाय," ते सांगायचे. "मी बोल्लो, मेरेकू तो कोमटच लगता. बाहर काढले तो चमडी पान्यातच राहिली, भानुदासमामू."

हे सांगताना ते हसायचे. त्यांचा डावा पाय शेवटी गुडघ्याखाली गेला. ऑपरेशनहून आणल्यावर दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन सीताफळांबद्दल बोलायला लागले. कुठल्या डोंगरावरचं गोड, डोळे किती उघडले की उतरवायचं, हाताला कसं लागतं. आम्ही दोघं साखरेचे पेशंट, आमच्यापुढं अळणी पोहे, आणि हा माणूस अर्धा तास सीताफळ सोलून दाखवतोय. सिस्टर म्हणाली, तुमच्या बोलण्यानं यांची साखर वाढेल. खरं सांगतो, वॉर्डातल्या सगळ्या दिवसांत मी पोटभर हसलो तो तेवढाच.

रेघ अकराव्या दिवशी आत सरकली. बाराव्या दिवशी अजून आत. डॉक्टरबाई म्हणाल्या की नडगीला हात लावायची वेळ बहुतेक येणार नाही. "बहुतेक" या शब्दावर मी तीन आठवडे काढले.

कौसा मात्र तोपर्यंत गावी परत गेली होती. जावंच लागलं. भीमा दोन कळप किती दिवस सांभाळणार? एवढी मेंढरं घेऊन पन्नाशीची बाई रोज चार-पाच कोस चालायला लागली. मी दवाखान्यातून आणि नंतर रेखाच्या घरातून तिला फोनवर अक्कल शिकवायचो. कुठल्या बाजूला ने, कुणाच्या रानात बसव, अमकी गाभण आहे तिला मागं ठेव. एकदा भीमाच्या तोंडून ऐकलं की मेंढरं वाळलीत. मी फोन करून तिला नको ते बोललो.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी तुमचा पाय बघा. मेंढरं मी बघते." आणि फोन ठेवला.

ती बरोबर होती. मला राग तिचा नव्हताच. माझ्याशिवाय मेंढरं चालतात, याचा राग होता.

मुलीच्या घरी

जखम भरायला सात महिने लागले. रोज ड्रेसिंग, म्हणून बीडलाच राहावं लागलं, म्हणजे रेखाच्या घरी. आमच्यात बाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा मोजून पितो. दवाखान्यातून सुटल्यावर मी सहा महिने तिच्या घरात खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलो, तेही उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही या अटीवर. संडासाला जायचं तर कुबड्या. जावई भला माणूस, पण दोन खोल्यांच्या घरात सासरा कायमचा पडून असला की भल्या माणसाचाही चेहरा कधीमधी बदलतो. तो बदलला की मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचो. रेखा मधल्या मधे दोघांची मनं सांभाळत थकून गेली. एकदा ती भांडी घासताना रडत होती आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. बाप म्हणून मला त्याची लाज वाटते.

पडल्या पडल्या करायला काही नव्हतं. मग मी घरातल्या सगळ्यांचे पाय बघायला लागलो. जुनी सवय. नात चिनू आठ वर्षांची, शाळेतून आली की बूट काढून बोटं चोळायची. मी तिला पाय दाखव म्हटलं. करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली. बूट गेल्या वर्षीचे, वर्ष संपेपर्यंत चालवायचे होते. मी रेखाला म्हटलं, जनावराचा खूर वाढतो तसा पोराचाही पाय वाढतो, वर्षाची वाट बघत नाही. तिनं त्याच आठवड्यात मोठे घेतले. रेखा स्वतः एका कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिच्या पोटरीच्या मागं निळ्या शिरा गाठी आल्यासारख्या फुगलेल्या. तिला मी माझ्याच डॉक्टरबाईंकडं पाठवलं. त्यांनी घट्ट मोजे दिले. ते ती उकडतं म्हणून घालत नाही, पण आता निदान दर तासाला दोन मिनिटं बसते आणि घरी पाय वर ठेवून झोपते. शेजारची म्हातारी चप्पल दारात ठेवून अनवाणीच अंगणात हिंडायची. तिला मी रशीदभाईंच्या बादलीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, माझे पाय चांगले आहेत, दुखत नाहीत. मी म्हटलं, आजी, उद्याच साखर तपासा.

माझा स्वतःचा कार्यक्रम सिस्टरनं ठरवून दिला. रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवायचा आणि त्यात तळवा बघायचा. बोटांच्या फटी कोरड्या करायच्या. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. पाणी गरम आहे का ते पायानं नाही, कोपरानं बघायचं. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही. मोजे पांढरे, म्हणजे डाग पडला तर दिसेल. हे सगळं मला मेंढरांच्या बाबतीत येतच होतं. फरक एवढाच की लंगडण्याची वाट बघायची नाही. रोज सगळ्यांना आडवं पाडायचं.

कौसा महिन्यातून एकदा भेटायला यायची. एकदा ती आली असताना सिस्टरनं सहज तिचंही बोट टोचलं. साखर काठावर निघाली. सिस्टर म्हणाली, अजून काही नाही, पण सांभाळा, आणि चपलेशिवाय फिरू नका. कौसानं मान डोलवली. तिची मान डोलवायची पद्धत मला माहीत आहे. एसटीत बसेपर्यंत ती विसरली असणार.

गड

मे महिन्यात डॉक्टरबाईंनी शेवटची पट्टी काढली आणि परत लावली नाही. जागा गुलाबी, सुरकुतलेली, पण बंद. मऊ तळाची चप्पल दिली, पुढं दोन बोटांच्या जागी भरणी असलेली. चाला म्हणाल्या. मी ड्रेसिंगच्या खोलीतून दवाखान्याच्या दारापर्यंत चाललो. पाय राहिला होता.

मग मी विचारलं, मेंढरांमागं कधी जाऊ.

"काका, घरात, गावात फिरा. रानात आता नाही. पुन्हा काटा लागला तर पुन्हा कळणार नाही, आणि पुढच्या वेळी मी बोटांवर थांबू शकेन असं वाटत नाही."

तर असं झालं. पाय वाचला आणि ज्यासाठी वाचायला हवा होता तेच गेलं. साठ मेंढरं भीमाच्या कळपात घातली, उरलेली साठ कौसा राखणार असं ठरलं. ठरवताना मी तिच्याकडं बघितलं नाही.

ती मला न्यायला बीडला आली होती. त्या संध्याकाळी रेखाच्या दारात तिनं चपला काढल्या आणि एका पिशवीत बांधून चिनूच्या हातात दिल्या.

"ह्या घेऊन यायच्या उद्या गाडीत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मी बोललेय. पाय राहिला तर नारायणगडला अनवाणी येईन. बीडपासनं."

मी ओरडलो. पायासाठी नवस आणि तोही अनवाणी. मे महिन्यात. साखर काठावर असताना. मी म्हटलं, सात महिने मी काय भोगलं ते तू बघितलंस ना? दहा वेळा दोरा लावला तेव्हा भिंतीला कोण उभं होतं?

"मीच उभी होते," ती म्हणाली. "तवाच बोलले."

रेखानंही समजावलं, चप्पल घालून जा, देव काही रागावत नाही. कौसा म्हणाली, "देवाला काय सांगू? म्हनलं होतं अनवाणी, पर डाक्टरनं चप्पल घाल म्हनलं, आसं?" ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून गल्लीतल्या दोन बायांबरोबर ती पहाटेच निघून गेली.

आम्ही रिक्षानं मागून गेलो. पायथ्याशी एका झाडाच्या सावलीत मी चप्पल घातलेले पाय समोर घेऊन बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या पायांकडं बघत होतो. उन्हं चांगलीच वर आली तेव्हा ती दिसली. रस्त्याच्या कडेच्या मातीतून येत होती, डांबर टाळून. आणि ती लंगडत होती. डावा पाय टाचेवर टेकत होती, पंजा उचलून धरत होती. मला लांबूनच कळलं.

आधी तिचं दर्शन होऊ दिलं. खाली आल्यावर तिला झाडाखाली बसवलं आणि म्हटलं, पाय दाखव. तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"तुमी पायाला हात लावायचा न्हाई. मला पाप लागंल."

"लागू दे."

"मानसं बघतेत."

"बघू देत," मी म्हणालो, आणि तिचा डावा पाय ओढून मांडीवर घेतला. तिनं पदर तोंडावर घेतला. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. या हातांनी मी किती खूर उलटे केले त्याचा हिशेब नाही. तिचा तळवा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. टाचेला भेगा, त्यांत आमच्या रानाची काळी माती बसलेली, कधीच न निघणारी. माझ्याऐवजी चाललेले सात महिने सगळे तिथं होते. चवड्यावर दोन फोड. आणि करंगळीच्या मुळाशी काटा, मोडलेला, आत.

पिशवीत माझा स्पिरिटचा कापूस असतोच. रेखानं बांगडीतली पिन काढून दिली, ती पुसून घेतली. पण आधी मी नुसता अंगठा ठेवून हलकेच दाबलं.

कौसानं पाय झटकन मागं ओढला. "आई गं. दुखतंय की."

मी पुन्हा धरला. टाचेपाशी दाबलं.

"तितंबी दुखतंय."

अंगठ्याच्या मुळाशी बोटाचं नुसतं नख टेकवलं, जिथं माझं भोक पडलं होतं तिथं. तिनं बोटं आवळून घेतली.

माझ्यानं पुढं पिन धरवेना. डोळे भरून आले होते. तिनं तोंडावरचा पदर बाजूला करून माझ्याकडं बघितलं.

"कावून रडताय तुमी? काटा मला लागलाय."

"आणखी कुठं दुखतंय," मी विचारलं, "सगळं सांग."

तिला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय. पण ती सांगायला लागली. एकेक जागा बोटानं दाखवत गेली, मी तिथं तिथं हात ठेवत गेलो, आणि प्रत्येक वेळी ती पाय मागं ओढत राहिली.